भेटून आल्यावर सगळे आठवणींत रमलेत, आणि मला मात्र गप्प बसावंसं वाटतंय

पत्र थोडक्यात: एका मैत्रिणीने लिहिलंय, वय चाळिशीच्या आसपास. शब्दकोडी सोडवणाऱ्या बारा जणांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, गेली सात वर्षं चालू आहे, आणि कोड्यांवरून सुरू झालेलं बोलणं कधीच घर, नोकरी, आजारपणं, रुसवेफुगवे सगळ्यापर्यंत पोचलंय. आत्ता पहिल्यांदाच त्यातले दहा जण प्रत्यक्ष भेटले, दोन दिवस एकत्र राहिले. परत आल्यापासून ग्रुपवर दुसरं काहीच चालू नाहीये, रोज फोटो, रोज "आठवतंय का ते", रोज त्याच दोनतीन किश्श्यांवर हसणं. हिला मात्र तिथे बऱ्याचदा एकटं वाटलं. जिच्याशी रोज रात्री चॅट होतं ती जिवाभावाची मैत्रीण तिथे बहुतेक वेळ दुसऱ्याच लोकांत होती, आणि दोघी समोरासमोर बसल्या तेव्हा काय बोलावं तेच सुचेना. दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीचे झोपलेले असताना ग्रुपमधल्या एका वयाने मोठ्या, कमी बोलणाऱ्या काकांशी मात्र छान गप्पा झाल्या. घरच्या आजारपणामुळे न येऊ शकलेली एक मैत्रीण आता ग्रुपवर काहीच लिहीत नाही. "सगळे म्हणतात आयुष्यातले बेस्ट दोन दिवस, मी पण हार्ट टाकते आणि मग मलाच खोटारडं वाटतं. ताई, आमची सात वर्षांची मैत्री खोटी होती का? ग्रुप सोडून देऊ का?"

अगं, शेवटच्या प्रश्नांपासून सुरुवात करते कारण तू त्यांच्यातच अडकून बसली आहेस. सात वर्षं खोटी नव्हती. आणि ग्रुप आत्ता सोडू नकोस, निदान पुढचे काही आठवडे तरी नाही, कारण आत्ता तू जो निर्णय घेशील तो त्या दोन दिवसांवर रागावून घेतलेला असेल आणि सात वर्षांचा हिशोब त्यात येणारच नाही.

आता मला तुला एक विचारायचंय. तू लिहिलंयस की सगळ्यांना खूप मजा आली, फक्त मलाच नाही. हे तुला कसं कळलं? त्यांनी ग्रुपवर लिहिलं म्हणून. पण तू पण लिहिलंस ना, हार्ट टाकलेस, "धमाल आली" म्हणालीस. म्हणजे बाकीच्यांपैकी कोणी आत्ता बसून मोजत असेल की कोणाकोणाला मजा आली, तर त्या यादीत तुझं पण नाव आहे. मग तशी अजून दोनतीन नावं त्या यादीत नसतील कशावरून? दहा माणसं, बरीचशी आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांचा चेहरा समोर बघतायत, आणि त्यातली नऊ जण पूर्ण वेळ आनंदात होती, हे मला तरी खरं वाटत नाही. काहीजण दमले असतील, कोणाला घरची काळजी असेल, कोणाला आपला आवाज किंवा आपलं दिसणं लोकांना कसं वाटलं याचंच टेन्शन असेल. पण भेटून आल्यावर ग्रुपवर ते कोण लिहिणार? जे सगळ्यांना आवडेल तेच लिहिलं जातं, आणि ते वाचून बाकीच्यांना वाटतं की आपणच काय ते वेगळे.

अजून एक गोष्ट आहे जी अशा भेटींबद्दल कोणी आधी सांगत नाही, आणि ती कळली की बऱ्याच जणांच्या मनावरचं ओझं उतरतं. ग्रुपवर बारा जण असले तरी गप्पा एकच असतात. कोणी काही लिहिलं की ते सगळेच वाचतात, तू रात्री उशिरा आलीस तरी वर जाऊन वाचतेस, कोणीही कोणालाही रिप्लाय देऊ शकतं. प्रत्यक्षात असं होतच नाही. रॉबिन डनबार आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये लोक आपापल्या मर्जीने गप्पा मारतात तेव्हा एका गप्पांत किती जण असतात ते पाहिलं होतं, तर साधारण चार जणांच्या वर संख्या गेली की गप्पांचे तुकडे पडायला लागतात, पाचवा माणूस एक तर नुसता ऐकत राहतो नाही तर शेजारच्याशी वेगळं बोलायला लागतो. म्हणजे तुम्ही दहा जण एका खोलीत होतात तेव्हा तिथे कमीत कमी दोनतीन वेगवेगळ्या भेटी एकाच वेळी चालू होत्या. ग्रुपवर सात वर्षं तू कधी कडेला पडली नव्हतीस कारण तिथे कडाच नव्हती, आणि खोलीत ती होती. ज्याचा आवाज मोठा, जो पटकन बोलतो, तो मध्यभागी राहिला. तू विचार करून, नेमकं लिहिणारी आहेस हे तुझ्या पत्रावरूनच दिसतं, आणि अशा माणसाचं वाक्य तयार होईपर्यंत दहा जणांत विषय तीनदा बदललेला असतो. याचा अर्थ तू त्यांना नकोशी होतीस असा लावू नकोस गं.

आणि आता आठवणी कुठल्या निघतायत बघ. जिथे मोठ्याने हसणं झालं त्या. काकांशी झालेल्या सकाळच्या गप्पा कोणी काढत नाही कारण तिथे तुम्ही दोघंच होतात! ते आठवायला तिसरा माणूसच नाहीये. तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात त्याला एकच वाक्य मिळालंय, पण ते वाक्य वाचताना मला वाटलं की हिला भेट आवडली नाही हे काही पूर्ण खरं नाही. तुला गर्दी आवडली नाही.

आता तुझ्या मैत्रिणीबद्दल, कारण खरं दुखणं तिथे आहे असं मला वाटतं.

जोसेफ वॉल्थर नावाच्या संशोधकाने १९९६ मध्ये मांडलं होतं की नुसतं लिहून बोलणारी माणसं कधीकधी समोरासमोर भेटणाऱ्यांपेक्षाही जास्त जवळ येतात. का, तर लिहिताना आपल्याला वेळ मिळतो, आपण खोडतो, नीट शब्द निवडतो, चेहऱ्यावरचा थकवा आणि आवाजातली घाई समोर जातच नाही, आणि वाचणारा जे दिसत नाही ते आपल्या मनाने, बहुतेक वेळा चांगलंच, भरून काढतो. मग तो पण तसाच आपुलकीने उत्तर देतो आणि हे वाढत जातं. लोक हे वाचून लगेच म्हणतात, म्हणजे ऑनलाइन सगळं बनावटच की. मला ते अजिबात पटत नाही. तू तिला रात्री दोन वाजता जे लिहिलंस ते तूच लिहिलं होतंस ना? तिने तुझ्या वाईट काळात रोज विचारपूस केली ती काय बनावट होती? मोकळा वेळ मिळाल्यावर माणूस जे बोलतो ते त्याचं असतंच, आणि पाहुण्यासारखं दोन दिवस दहा जणांत वावरताना तो जसा असतो ते पण त्याचंच असतं. यातलं एक खरं आणि दुसरं खोटं ठरवायची घाई का करायची? तुम्हा दोघींना एकमेकींची एक बाजू फार चांगली माहीत आहे आणि दुसरी बाजू अगदीच नवीन आहे, एवढंच आत्ता म्हणता येईल.

त्यात अवघड भाग असा की नवीन माणसाशी आपण हवापाण्यावर बोलू शकतो, पण जिला आपलं सगळं माहिती आहे तिच्यासमोर बसून हवापाण्यावर कसं बोलणार? आणि जे खोल आहे ते चारचौघांत, दिवसाउजेडी, डोळ्यांत बघून कसं काढणार? म्हणून मग दोघी गप्प. ती दुसऱ्या लोकांत गेली ते कदाचित त्यामुळेच, तिथे तिला सोपं पडलं असेल. मी तिच्या मनात शिरून बघितलेलं नाही त्यामुळे खात्रीने नाही सांगत, पण तू जो अर्थ काढलास की मी तिला भेटल्यावर आवडले नाही, त्यालाही काही आधार नाहीये, आणि हा अर्थ काढण्याची आपल्या सगळ्यांनाच सवय असते. एरिका बूथबी आणि तिच्या सहकाऱ्यांचा २०१८ मधला अभ्यास आहे, त्यात अनोळखी लोकांना एकमेकांशी बोलायला लावलं आणि नंतर विचारलं की समोरचा तुम्हाला किती आवडला आणि तुम्ही त्याला किती आवडला असाल. तर लोक सरसकट कमी अंदाज करत होते, समोरच्याला ते जेवढे आवडले होते त्यापेक्षा बरंच कमी. आणि वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये पण हा फरक दिसला, कित्येक महिने दिसला. बोलून झाल्यावर आपण आपल्याच चुका मोजत बसतो, समोरचा त्याच्या मोजत असतो.

म्हणून तिला लिही. ग्रुपवर नाही, वैयक्तिक. "तू माझ्याशी तिथे बोललीच नाहीस" असं नको, त्यावर तिला आपली बाजू मांडत बसावं लागेल आणि बोलणं तिथेच संपेल. असं काहीतरी लिही: "तुला एक सांगायचंय, तिथे तुझ्यासमोर मला बोलायलाच सुचत नव्हतं, इतकं सगळं एकमेकींना माहीत असून. तुला पण तसं झालं का? मला आपल्या रात्रीच्या गप्पांची आठवण येतेय." यात तक्रार नाहीये, प्रश्न आहे, आणि तिला "हो गं, मला पण" म्हणायला जागा आहे. मग एकदा फोनवर बोला. व्हिडिओ कॉल नको लगेच, साधा फोन, आवाजाची सवय होऊ दे. जेफ्री हॉल यांच्या अभ्यासात ओळखीचा माणूस जवळचा मित्र होईपर्यंत साधारण दोनशे तासांहून जास्त वेळ एकत्र घालवलेला दिसला होता. तो आकडा काही घड्याळ लावून पाळायचा नसतो, आणि तुमच्या चॅटिंगच्या तासांना तो तसाच्या तसा लागू पण होणार नाही, पण विचार कर, त्या दोन दिवसांत तुम्ही दोघीच अशा किती वेळ होतात? तास दीड तास? एवढ्याशा वेळावरून सात वर्षांच्या मैत्रीचं काय ठरवणार.

समजा तिने तुझ्या मेसेजला तोडून उत्तर दिलं, किंवा खरंच सांगितलं की तिला आता एवढं रोज बोलायला नको वाटतं, तर वाईट वाटेल, खूप वाटेल. पण मग निदान तुला कळलेलं असेल. आत्ता तू फक्त अंदाजांवर रडते आहेस.

बरं, आता या आठवणींच्या पुराचं काय करायचं. आधी हे समजून घे की ते लोक मुद्दाम उगाळत नाहीयेत. सात वर्षांत तुमच्या ग्रुपकडे एकत्र जगलेला असा एकही प्रसंग नव्हता, सगळं लिहिलेलं होतं. आता पहिल्यांदा काहीतरी आहे जे सगळ्यांनी एकत्र पाहिलंय, ऐकलंय, म्हणून ते पुन्हा पुन्हा हातात घेऊन बघतायत. मला हे फार छान वाटतं, खरंच. लांबच्या माणसांना एकत्र धरून ठेवायला असे प्रसंग लागतात.

पण त्यात एक धोका आहे, आणि तो तुझ्यासारख्यांसाठी जास्त आहे. विल्यम हर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं होतं की एकत्र अनुभवलेल्या गोष्टीतला काही भाग कोणीतरी परत परत सांगितला की त्याच गोष्टीतला न सांगितलेला भाग ऐकणाऱ्यांच्याही आठवणीतून फिका पडतो. नुसता सांगणाऱ्याच्या नाही, ऐकणाऱ्याच्या पण. म्हणजे रोज तेच तीन किस्से वाचून वाचून तुझ्या मनात पण भेट म्हणजे तेवढीच राहील, ज्यात तू कुठेच नाहीस, आणि ती काकांबरोबरची सकाळ हळूहळू पुसट होईल. म्हणून या आठवड्यातच एक काम कर, तुला जे जसं आठवतंय ते तुझ्यासाठी लिहून काढ. कंटाळवाणं, अवघडलेलं, छान, सगळं. कोण कुठे बसलं होतं, कोणाचा आवाज लिहिण्यावरून वाटला होता त्यापेक्षा वेगळा निघाला, कोण कोणाशी कसं वागत होतं. शांत माणसांना हे फार बारीक दिसलेलं असतं. लिहिताना तुलाच चारदोन गोष्टी सापडतील ज्या तू रागाच्या भरात बाजूला टाकल्या होत्यास.

मग त्यातली एखादी ग्रुपवर टाक. खोटं काही लिहू नकोस, "बेस्ट दोन दिवस" वगैरे तुला वाटत नसेल तर त्याला हार्ट द्यायची काही सक्ती नाही, कोणी मोजत नाहीये. पण तुझं असं खरं काहीतरी लिही, म्हणजे "मला आठवतंय ते आपण निघताना सगळे उगाच दहा मिनिटं बॅगा उचलून उभे होतो, कोणीच पहिलं निघेना." असं झालं होतं की नाही मला माहीत नाही, तुझ्याकडे तुझं असेल. आणि काकांना आधी वैयक्तिक मेसेज कर, की त्या सकाळच्या गप्पा मला खूप आवडल्या. ते ग्रुपवर काढायचं की नाही हे त्यांच्याशी बोलून ठरव, कारण एकांतात बोललेलं कधीकधी तिथेच राहावं असं माणसाला वाटतं. माझा अंदाज असा आहे की ते पण या आठवणींच्या धबडग्यात गप्पच असतील.

एक करू नकोस. सगळे हसतखेळत आठवणी काढत असताना मध्येच "मला तर तिथे खूप एकटं वाटलं" असं टाकू नकोस. तुझं म्हणणं चूक आहे म्हणून नाही. तसं टाकलं की नऊ जण एकदम घाबरून समजूत घालायला लागतात, ज्याने सगळं आयोजन केलं तो दुखावतो, आणि तुला हवं ते बोलणं होतच नाही. हे एकेकट्याशी बोलायचं असतं. आणि कंटाळा आला तर ग्रुप म्यूट कर की थोडे दिवस, त्यात काही अपमान नाही कोणाचा.

शिवाय ग्रुप कशासाठी होता? कोड्यांसाठी ना. मग तूच एक नवीन अवघड कोडं टाक. "आता पुरे" असं कोणाला म्हणायची गरजच पडत नाही, कोणीतरी उत्तर शोधायला लागतं आणि विषय आपोआप पुढे सरकतो. तुमच्यातल्या अजून दोघातिघांना पण त्याचीच वाट बघत असल्यासारखं वाटेल.

आता न आलेल्या मैत्रिणीबद्दल. तिचा उल्लेख तू अगदी शेवटी केलास, पण मला तिची काळजी जास्त वाटली. तुला दोन दिवस कडेला बसल्यासारखं वाटलं, ती तर तुम्ही परत आल्यापासून रोज कडेला बसलेली आहे, घरात आजारपण आणि फोन उघडला की ज्या किश्श्यांत ती नव्हती ते किस्से. तिला कोणी मुद्दाम बाजूला केलेलं नाही, पण प्रत्येक "आठवतंय का" मध्ये तिला आठवण्यासारखं काहीच नाहीये. अशा वेळी लोक "तुला खूप मिस केलं" एवढं लिहून मोकळे होतात आणि त्याने उलट जास्त लागतं. तिला विचार की घरी कसं आहे, तुझं कसं चाललंय. भेटीबद्दल तिने विचारलं तर खरं सांग, ग्रुपवरची झगमगीत आवृत्ती नको, तुझी सांग, अवघडलेपणासकट, तिला ती ऐकून बरं वाटेल. आणि तिचा विषय तिथे कधी निघाला असेल, कोणी तिच्याबद्दल काही चांगलं बोललं असेल, तर ते नेमके शब्द तिला सांग. मला वाटतं या सगळ्यात तुला सगळ्यात आधी करण्यासारखं काही असेल तर हे आहे, आणि यात तुला पण कोणाबरोबर तरी खरं बोलायला मिळेल.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांपैकी ज्यांचे असे ग्रुप भेटायच्या बेतात आहेत त्यांच्यासाठी पण थोडं. दहा जण दोन दिवस पूर्ण वेळ एकत्र असं ठरवू नका, मध्ये मोकळा वेळ ठेवा ज्यात दोघं तिघं वेगळे फिरून येऊ शकतील. चालताना बोलणं सोपं जातं, सतत समोर बघावं लागत नाही. एखादं काम किंवा खेळ ठेवा, तुमचा ग्रुप ज्याच्यासाठी बनला तेच ठेवा, कोडीवाल्यांनी एकत्र बसून एक मोठं कोडं सोडवलं असतं तर ही गप्प बसणारी बाई बहुतेक सगळ्यात जास्त बोलली असती. ज्यांच्याशी तुमचं रोजचं बोलणं आहे त्यांना गर्दीत पहिल्यांदा भेटण्यापेक्षा आधी एकदा फोनवर बोलून घ्या, शक्य असलं तर एक तास आधी दोघंच भेटा. फोटो ग्रुपबाहेर टाकायच्या आधी विचारा, ऑनलाइन ओळख वेगळी ठेवणारी बरीच माणसं असतात आणि त्यांची कारणं असतात. आणि परत आल्यावर आठवणी खुशाल काढा, हव्या तेवढ्या काढा, फक्त अधूनमधून एखाद्या गप्प माणसाला नावाने विचारा की तुला काय आवडलं, ग्रुपवर नको वाटलं तर वेगळं विचारा.

तुमची पुढची भेट ठरेल तेव्हा तारखेसाठी सगळ्यांचं मत घेत बसायच्या आधी त्या न आलेल्या मैत्रिणीला विचारा, तिला कधी जमेल ते, आणि तिला घरातून निघणं शक्यच नसेल तर तिच्या जवळपास जाता येतं का बघा. सगळ्यांनी नाही, तुम्ही दोघी तिघींनी गेलात तरी चालेल, तुला तेवढीच संख्या जमते असं मला वाटतं.